आपल्या परिसरातील दगडखाण: कागद तपासण्याची आणि खोदलेली जमीन पुन्हा उभी करून घेण्याची रीत

मुंबईच्या अनेक जुन्या इमारतींचा दगड मुंबईच्याच डोंगरांतून निघाला आहे. राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या दगडात उभा राहिला आणि गेटवे ऑफ इंडियासाठी मालाडजवळच्या खरोडीचा पिवळसर बेसॉल्ट वापरला गेला. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे उभे दगडी खांब आज पाहायला मिळतात, परंतु त्या खांबांच्या भोवतीचा डोंगर खडीसाठी केव्हाच फोडला गेला होता. महापालिकेने २००७ साली त्याला वारसास्थळाचा दर्जा दिला, तेव्हा वाचवण्यासारखा मधला सुळकाच काय तो शिल्लक होता. आता शहराला लागणारी खडी मोठ्या प्रमाणात ठाणे, रायगड आणि पालघर जिल्ह्यांतून येते. तरीही उपनगरांत जुन्या खाणींचे खड्डे आहेत, डोंगराचे पायथे कापणारी बांधकामे आहेत आणि शहराच्या वेशीवर चालू खाणीही आहेत.

हे मार्गदर्शन अशा खाणीशेजारी राहणाऱ्या रहिवाशांसाठी, गृहनिर्माण संस्थांसाठी आणि गावकऱ्यांसाठी लिहिले आहे. आमच्या उपनगरातील काही रहिवाशांनी मिळून अनेक वर्षे हे काम केले आणि त्यातून एक गोष्ट आम्हाला पक्की समजली. खाण बंद झाल्यावर त्या जमिनीचे काय होणार, हे पहिला सुरुंग उडण्याच्या आधीच कागदावर लिहिलेले असते. तो कागद खाण चालू असतानाच हातात घ्यावा लागतो, कारण दगड संपल्यावर पोकलेन निघून जातो आणि त्याच्याबरोबर जबाबदार माणूसही निघून जातो.

आधी जागेचा क्रमांक

आमचा पहिला अर्ज दोन पाने भरून लिहिलेला होता. त्यात धूळ, हादरे आणि रात्री धावणारे डंपर यांचे सविस्तर वर्णन होते, मात्र जागेचा उल्लेख ‘आमच्या इमारतीमागील डोंगर’ एवढाच होता. एका कार्यालयाने तो अडीच महिन्यांनी परत पाठवला आणि त्यावर ‘जागेचा तपशील नाही’ एवढा शेरा होता. त्या अडीच महिन्यांत डोंगराचा आणखी एक टप्पा खाली आला. तेव्हापासून आम्ही कुणालाही हेच सांगतो की गट क्रमांक, सर्व्हे क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक मिळाल्याशिवाय पहिली ओळसुद्धा लिहू नये.

ग्रामीण भागात सातबारा आणि गावनकाशा यांवरून हा क्रमांक मिळतो. मुंबई उपनगरात बहुतेक ठिकाणी सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक पाहावे लागते आणि ते नगर भूमापन कार्यालयातून किंवा महाभूमी संकेतस्थळावरून काढता येते. मालमत्ता पत्रकावर जमिनीचा धारक सरकार आहे, वनविभाग आहे की खासगी व्यक्ती, हे स्पष्ट लिहिलेले असते. त्याच वेळी विकास आराखडा २०३४ मध्ये ती जागा कोणत्या क्षेत्रात दाखवली आहे तेही पाहून घ्यावे. जागा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास असेल तर उद्यानाभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची डिसेंबर २०१६ ची अधिसूचना काढून त्यातील नकाशा तपासावा. या क्षेत्रात व्यापारी खाणकाम आणि दगड फोडणे निषिद्ध आहे. शिवाय राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आत खाणकामाला परवानगी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२३ च्या आदेशात स्पष्ट केले आहे. जागा भरतीरेषेजवळ असल्यास किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंधही लागू होतात.

कोणते कागद असलेच पाहिजेत

दगड, मुरूम, माती आणि वाळू ही कायद्याच्या भाषेत गौण खनिजे आहेत. खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ च्या कलम १५ ने त्यांच्याबाबत नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे आणि त्यानुसार राज्यात महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ लागू आहेत. खाणपट्टा (ठरावीक जागेत ठरावीक मुदतीसाठी खाणकामाचा करार) किंवा अल्प मुदतीचा परवाना जिल्हा प्रशासनाच्या पातळीवर मिळतो, म्हणून आपला पहिला संबंध जिल्हाधिकारी कार्यालयातील खनिकर्म शाखेशी येतो. मुंबई उपनगर जिल्ह्यासाठी हे कार्यालय वांद्रे पूर्व येथे आहे.

खाणपट्ट्याच्या करारनाम्यात क्षेत्र, चतुःसीमा आणि मुदत लिहिलेली असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणातील आदेशानंतर ५ हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी ‘परिवेश’ संकेतस्थळावर शोधता येते. मंजुरीपत्राच्या शेवटी अटींची लांब यादी असते आणि वाचणारा बहुधा तिथे पोचण्याआधीच थकतो. खरे तर वाचायचे ते तेवढेच असते. त्या अटींचे पालन कसे झाले, याचा अहवाल खाणधारकाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबर या तारखांना द्यायचा असतो. खाणीबरोबर क्रशर, म्हणजे दगडाची खडी करणारे यंत्र, असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते आणि सुरुंगासाठी स्फोटकांचा परवाना लागतो.

या सगळ्यांत आम्ही सर्वांत जास्त वेळ खाणकाम आराखड्यावर घालवतो. त्यात दर वर्षी किती खोल जायचे, पायऱ्या कशा पाडायच्या, वरची माती कुठे रचून ठेवायची आणि काम संपताना खड्ड्याचा आकार कसा असेल, हे नकाशांसह दिलेले असते. शेवटच्या प्रकरणात खाण बंद करण्याची योजना असते. हे प्रकरण बऱ्याचदा दुसऱ्या खाणीच्या आराखड्यातून जसेच्या तसे उतरवलेले आढळते. कातळाच्या डोंगरावर ‘शेतीयोग्य जमीन तयार करण्यात येईल’ असे वाक्य दिसले, तर ते तिथे का आहे याचा लेखी खुलासा मागावा.

हे कागद मागण्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ पुरेसा आहे. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहिल्यास अर्ज हमखास रेंगाळतो. त्याऐवजी कागदांची नावे एकेक करून लिहावीत आणि शेवटी कलम २(ञ) नुसार मूळ नस्ती (कार्यालयातील फाइल) प्रत्यक्ष पाहण्याची वेळ मागावी. नस्तीतील टिपणी आणि स्थळपाहणीचे पंचनामे प्रती मागवून क्वचितच मिळतात, समोर बसून पाने उलटताना मात्र ते सापडतात. उत्तर न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील करावे.

खड्डा मोजणे आणि ब्रासचा हिशेब

परवान्यापेक्षा जास्त दगड काढला गेला आहे का, हे समजण्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. या व्यवसायात सगळा हिशेब ब्रासमध्ये होतो आणि १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. समजा, खड्डा १०० मीटर लांब, ६० मीटर रुंद आणि सरासरी १० मीटर खोल आहे. त्याचे आकारमान ६०,००० घनमीटर भरते, म्हणजे सुमारे २१,२०० ब्रास. राज्यात रॉयल्टीचा दर प्रति ब्रास ६०० रुपये धरला, तर सरकारजमा व्हायची रक्कम १ कोटी २७ लाख रुपयांच्या घरात जाते. आता माहिती अधिकारात मिळालेले रॉयल्टी भरल्याचे आकडे याच्या शेजारी मांडून पाहावेत.

इथे एक चूक टाळावी. अखंड कातळ फुटून सैल झाला की तो जवळपास दीडपट जागा व्यापतो. खड्ड्यावरून काढलेला आकडा घट्ट दगडाचा असतो, तर डंपरमधून मोजलेला आकडा सैल दगडाचा असतो आणि हे दोन आकडे थेट एकमेकांसमोर ठेवले तर खाणधारकाचा अभियंता पहिल्याच बैठकीत आपली तक्रार खोडून काढतो. आमच्या बाबतीत नेमके तेच घडले आणि पुढच्या खेपेला आम्ही दोन्ही हिशेब वेगळे मांडून गेलो.

लांबी-रुंदी उपग्रहचित्रांवरून मोजता येते. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रे क्रमाने पाहता येत असल्यामुळे खाण मंजूर हद्दीबाहेर केव्हा गेली, तेही दाखवता येते. खोली मात्र अंदाजाने लिहू नये. त्यासाठी तहसीलदारांकडे ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) या मोजणी यंत्राने मोजणी करण्याची लेखी मागणी करावी आणि मोजणीच्या दिवशी आपल्यापैकी दोघांनी तिथे हजर राहावे. वाहतुकीचे पास ‘महाखनिज’ प्रणालीतून निघतात आणि प्रत्येक पासावर वाहनाचा क्रमांक, परिमाण आणि वेळ असते. इमारतीच्या फाटकाशी बसून एका दिवसात गेलेल्या डंपरचे क्रमांक वहीत वेळेसह लिहून ठेवले, तर त्या दिवसाचे पास मागवून ताळा करता येतो. गाडी अडवणे, चालकाशी हुज्जत घालणे किंवा खाणीच्या आवारात शिरणे पूर्णपणे टाळावे. त्यात जिवाला धोका आहे आणि तक्रारीचेही नुकसान होते.

धूळ आणि हादरे

क्रशरच्या यंत्रांपासून ३ ते १० मीटर अंतरावर हवेतील धुलिकण प्रति घनमीटर ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नयेत, असे मानक आहे. धूळ अडवण्यासाठी पट्ट्यांवर आच्छादन, वाऱ्याच्या दिशेला भिंत, पाण्याचे फवारे, पक्के अंतर्गत रस्ते आणि कडेला झाडांचा पट्टा या गोष्टी सक्तीच्या आहेत. मोजमाप मंडळच करू शकते, परंतु फवारे बंद आहेत हे आपणही पाहू शकतो. गॅलरीतल्या तुळशीच्या पानांवर सकाळी पुसल्यानंतर संध्याकाळपर्यंत किती पांढरा थर बसतो, याची रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी काढलेली छायाचित्रे महिनाभर ठेवावीत. मंडळाचा अधिकारी पाहणीला येतो त्या दिवशी फवारे चालू असतात, म्हणून तारखांसह ठेवलेली ही नोंद महत्त्वाची ठरते.

हादऱ्यांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात मर्यादा आहेत. खाणमालकाच्या नसलेल्या राहत्या घरांसाठी कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झपेक्षा कमी असताना जमिनीच्या कंपनाचा वेग ५ मिलिमीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त असू नये. घराच्या भिंतीला तडा गेला असल्यास त्यावर आडवी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी लावावी आणि पट्टीवर तारीख लिहावी. सुरुंगानंतर पट्टी चिरली तर तडा वाढतो आहे हे सिद्ध होते. चिरली नाही तर तो तडा जुना असू शकतो आणि तसे प्रामाणिकपणे मान्य करावे. एका खोट्या दाव्यामुळे दहा खरे दावे पडतात.

खाणपट्टाच नसेल तर

मुंबईत प्रत्यक्षात जास्त आढळणारा प्रकार हाच आहे. इमारतीसाठी डोंगराचा पायथा कापला जातो, बांधकामाची परवानगी दाखवली जाते आणि निघालेला दगड मात्र बाहेर विकला जातो. बांधकामाची परवानगी म्हणजे खनिज विकण्याची परवानगी नव्हे. पायासाठी खोदलेली माती त्याच भूखंडावर सपाटीकरणासाठी वापरली तर तिच्यावर रॉयल्टी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात म्हटले आहे. म्हणूनच आपल्या तक्रारीत भर द्यायचा तो माल भूखंडाबाहेर गेला या मुद्द्यावर, आणि त्यासाठी फाटकावरची वही पुन्हा उपयोगी पडते.

विनापरवाना उत्खननासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ४८(७) वापरले जाते. त्याखाली खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि कलम ४८(८) खाली यंत्रे व वाहने जप्त करता येतात. तक्रार तहसीलदारांच्या नावे लिहावी आणि तिच्या प्रती जिल्हा खनिकर्म अधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय व महापालिकेचे विभाग कार्यालय यांना द्याव्यात. जमीन वनविभागाची असल्यास परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांनाही प्रत द्यावी. प्रत्येक कार्यालयात आवक क्रमांकासह पोच घ्यावी. तोंडी आश्वासन मिळाले तर त्याच संध्याकाळी ‘आजच्या भेटीत आपण असे सांगितले’ असे पत्र पाठवून ते कागदावर आणावे.

जमीन पुन्हा उभी करून घेणे

फोडलेला डोंगर पूर्वीसारखा होत नाही, हे प्रथम स्वीकारावे लागते. मागायचे ते एवढेच की जागा सुरक्षित व्हावी आणि तिच्यावर पुन्हा काही रुजावे. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० च्या आदेशात, खाणकाम थांबल्यावर ती जागा आणि खाणकामामुळे बिघडलेली आसपासची जागा पुन्हा गवताखाली आणून चारा, वनस्पती व प्राणी यांना योग्य करावी, अशी अट घालण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. त्यानंतरच्या मंजुरीपत्रांत ही अट शोधावी आणि पत्रव्यवहारात तिचा क्रमांक लिहावा.

पहिले काम कड्याचे असते. सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असा पाऊस उभ्या कापलेल्या, भेगाळलेल्या कातळात शिरला तर काय होते, हे डोंगरउतारावर राहणाऱ्या मुंबईकरांना सांगावे लागत नाही. म्हणून कडा पायऱ्यापायऱ्यांचा असावा, पायरीची रुंदी तिच्या उंचीपेक्षा कमी नसावी, सैल दगड वरून खाली झाडून काढलेले असावेत आणि माथ्यावरचे पाणी कड्यावरून कोसळू न देता बाजूने नेणारी चर खोदलेली असावी. माथ्यावर कुंपण हवे. काटेरी तार दोन पावसाळ्यांत गंजून पडते, त्यामुळे दगडी गडगा किंवा पक्की जाळी मागावी.

खड्ड्यात पाणी साठले असेल तर तो बुजवायचा की तळे म्हणून राखायचा, हा निर्णय घाईने घेऊ नये. आमच्याजवळच्या बंद खाणीत जूनअखेर हिरवट पाणी भरते आणि वरून ते उथळ वाटते. प्रत्यक्षात काठापासून दोन पावलांवर कातळाची उभी पायरी आहे आणि तिच्याखाली दोन माणसे बुडतील एवढी खोली आहे. असे तळे राखायचे असल्यास निदान एका बाजूला उतार सौम्य करून घ्यावा, बाकीचा काठ बंद करावा, पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि डासांसाठी गप्पी मासे सोडावेत. भराव घालायचा असल्यास तो फक्त दगडमातीचा किंवा वर्गीकरण केलेल्या बांधकामाच्या राडारोड्याचा असावा आणि थराथराने दाबलेला असावा. घरगुती कचरा, प्लॅस्टिक आणि कारखान्यांचा गाळ खड्ड्यात पडू लागला, तर त्याच दिवशी तक्रार करावी, कारण कातळाच्या भेगांतून ते पाणी आसपासच्या विहिरींत आणि विंधन विहिरींत उतरते.

माती हा या कामाचा खरा कस आहे. आपल्या डोंगरांवर मातीचा थर वीतभर असतो आणि तो तयार व्हायला शतके लागलेली असतात. खाण सुरू करताना ही माती वेगळी काढून, कमी उंचीच्या ढिगांत, पावसापासून राखून ठेवायची असते. ती मुरुमात मिसळली की परत मिळत नाही. खाण नवीन असेल तर पाहणीच्या पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न हाच: माती कुठे ठेवली आहे?

लागवडीच्या नावाखाली सुबाभूळ आणि ग्लिरिसिडियाच्या रांगा लावून छायाचित्रे काढली जातात. ही झाडे झटपट हिरवी दिसतात, परंतु त्यांच्याखाली इथले गवत आणि झुडपे येत नाहीत. कातळात मुळे घुसवणारे वड, पिंपळ, उंबर आणि कांडोळ, तसेच पांगारा, काटेसावर, पळस, बहावा, करंज आणि कुडा हे इथल्याच मातीतले आहेत. आधी गवत धरावे, मग झुडपे आणि नंतर झाडे लावावीत. खड्डे मे महिन्यात खोदून, पहिला दमदार पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी देण्याची जबाबदारी कुणाची, हे योजनेत नावानिशी लिहून घ्यावे. लावलेल्या रोपांचा आकडा कुणीही देतो, म्हणून तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेल्या रोपांची मोजणी मागावी.

खाणधारक नाहीसा झाला असेल तरी मार्ग बंद होत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम १५ खाली पर्यावरण पूर्ववत करण्याची मागणी कारण प्रथम घडल्यापासून ५ वर्षांच्या आत करता येते. आपल्यासाठी न्यायाधिकरणाचे पीठ पुण्याला आहे. ही मुदत मोजताना उपग्रहचित्रांच्या तारखा आणि आपल्या जुन्या अर्जांवरचे आवक क्रमांक कामाला येतात. शिवाय खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो. कुंपण आणि पाण्याच्या निचऱ्याची कामे त्यातून व्हावीत, असा प्रस्ताव नगरसेवक किंवा ग्रामपंचायतीमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येतो.

चालू खाणीच्या बाबतीत मात्र खाणपट्ट्याची मुदत संपण्याची तारीख आजच घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. त्या तारखेच्या सहा महिने आधी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र द्यावे आणि खाण बंद करण्याच्या योजनेनुसार काम पूर्ण झाल्याची संयुक्त पाहणी रहिवाशांच्या उपस्थितीत होईपर्यंत खाणधारकाची अनामत रक्कम परत करू नये, अशी मागणी त्यात करावी. पाहणीच्या दिवशी आराखड्यातील शेवटचा नकाशा छापून बरोबर न्यावा, खड्ड्याच्या काठावर उभे राहून एकेक पायरी, चर आणि कुंपण त्याच्याशी ताडून पाहावे आणि जे नकाशात आहे पण जागेवर नाही, ते पंचनाम्यात लिहिले गेल्याशिवाय सही करू नये.